गुन्ह्यांची गणना आणि दप्तरांची गणना

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा वार्षिक अहवाल प्रसिद्ध झाला की कोणते राज्य अधिक असुरक्षित याचा निवाडा चावडीवर दोन दिवसांत लागतो. परंतु ज्या आकड्यांवर हा निवाडा उभा असतो ते कोठून आले आणि कोणत्या नियमाने मोजले गेले, याची विचारपूस क्वचितच होते.

गैरसमज : गुन्ह्यांची मोजदाद दिल्लीचे कार्यालय स्वतः करते.
वस्तुस्थिती : राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीनुसार पोलीस हा राज्यांच्या अखत्यारीतील विषय असल्यामुळे मूळ नोंद ठाण्याच्या दप्तरातच होते आणि जिल्हा व राज्य अशा पायऱ्या चढत ती दिल्लीस पोहोचते. १९८६ साली हा विभाग स्थापन झाला तेव्हा बोटांच्या ठशांचे केंद्रीय कार्यालय, पोलीस संशोधन व विकास विभागाची सांख्यिकी शाखा इत्यादी विखुरलेली दप्तरे एका छत्राखाली आली. नोंद घेणारी लेखणी मात्र ठाणे अंमलदाराच्याच हाती राहिली.

गैरसमज : आकडा वाढला म्हणजे गुन्हेगारी वाढली.
वस्तुस्थिती : २०१९ मध्ये ५१,५६,१५८ असलेले दखलपात्र गुन्हे २०२० मध्ये ६६,०१,२८५ झाले, ते प्रामुख्याने टाळेबंदीचे हुकूम मोडल्याच्या नोंदींमुळे, एकट्या भारतीय दंड संहितेच्या कलम १८८ खालील नोंदी २९,४६९ वरून ६,१२,१७९ वर गेल्या. शिवाय दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळाल्यास ती नोंदवणे बंधनकारक आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ललिता कुमारी खटल्यात दिला आहे. तो जे ठाणे इमानाने पाळील त्याचा आकडा फिर्यादीला परत पाठवणाऱ्या ठाण्यापेक्षा मोठाच दिसेल.

गैरसमज : घडलेला प्रत्येक अपराध तक्त्यात येतो.
वस्तुस्थिती : एकाच प्रकरणात अनेक कलमे लागली असता त्यांतील सर्वांत गंभीर अपराध तेवढा मोजावा, असा गणनेचा नियम आहे, म्हणून घरफोडी करताना खून झाला तर ते प्रकरण खुनाच्या रकान्यात जाते आणि घरफोडी गणनेतून गळते.

गैरसमज : दोषसिद्धीचे प्रमाण म्हणजे एकंदर फिर्यादींपैकी किती प्रकरणांत शिक्षा झाली याचे प्रमाण.
वस्तुस्थिती : हे प्रमाण त्या वर्षी ज्या खटल्यांची सुनावणी पूर्ण झाली त्यांवरच काढतात, तुंबून राहिलेले खटले त्याच्या हिशेबातच नसतात.

आता असे कार्यालय नव्याने योजावयाचे झाले तर केवळ पोलिसांचे कागद जमवून भागणार नाही. अमेरिकेत १९७३ पासून घरोघर जाऊन, जे ठाण्याची पायरी चढलेच नाहीत अशा पीडितांनाही विचारले जाते, आणि त्यामुळे नोंद झालेला गुन्हा व घडलेला गुन्हा यांतील अंतर तेथे अजमावता येते. आपल्याकडे मात्र कारागृहांचा अहवाल निराळा निघतो आणि न्यायालयांची आकडेवारीही निराळी राहते. तेव्हा ठाणे, न्यायालय आणि तुरुंग यांचे हिशेब परस्परांशी जुळवणे आणि फिर्याद न करणाऱ्यालाही प्रश्न विचारणे, ही दोन कामे ज्या योजनेत नसतील तिच्यातून दप्तरांची संख्या कळेल, गुन्ह्यांची नव्हे.