बंद कॉम्प्युटरमध्ये जागं कोण असतं?

उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर शाळेची कॉम्प्युटर लॅब उघडते, तेव्हा एखादा जुना कॉम्प्युटर हमखास रुसलेला असतो. बटण दाबलं की पंखा घरघरतो, पण नेहमीचं चित्र काही येत नाही. काळ्या पडद्यावर इंग्रजी अक्षरं उमटतात : 'सीमॉस चेकसम एरर'. आणि त्याखाली, पुढे जायचं असेल तर एफ-१ दाबा. तुम्ही दाबता. कॉम्प्युटर सुरू होतो खरा, पण कोपऱ्यातलं घड्याळ बघा! १ जानेवारी २०१०, रात्रीचे बारा वाजून दोन मिनिटं. तुम्ही वेळ नीट लावता, बंद करून घरी जाता आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच खेळ.

"व्हायरस आलाय," असं कुणीतरी म्हणतंच. त्याला म्हणू द्या. आपण दुसराच प्रश्न विचारू. जो कॉम्प्युटर बिघडलेला नाही, त्याला सकाळी वेळ कशी कळते? रात्री आठला बंद केला, सकाळी सातला लावला, तर तो बरोबर सात वाजलेले दाखवतो. इंटरनेट नसलेल्या घरातसुद्धा! म्हणजे रात्रभर आत कुणीतरी जागं राहून सेकंद मोजत होतं.

ते कोण, हे बघायचं तर मदरबोर्डवर नजर टाकावी लागेल. मदरबोर्ड म्हणजे डब्यातली ती मोठी पाटी, जिच्यावर सगळे भाग बसवलेले असतात. तिथे क्वार्ट्‌झचा एक इवलासा स्फटिक असतो. त्याला वीज दिली की तो थरथरतो, सेकंदाला ३२,७६८ वेळा. हा काय विचित्र आकडा, असं वाटलं ना? त्याला दोनाने भागा. आलेल्या उत्तराला पुन्हा दोनाने. असं पंधरा वेळा करा. उरतो बरोब्बर १! त्याला जोडलेल्या चिपमधलं सर्किट हेच करतं. दर पायरीला थरथरींची संख्या निम्मी करत करत शेवटी सेकंदाला एक ठोका मिळवतं. तुमच्या भिंतीवरच्या सेलच्या घड्याळातही बहुतेक असाच स्फटिक आहे, तोच आकडा घेऊन.

या घड्याळाच्या शेजारीच थोडीशी स्मृती असते. कॉम्प्युटर कोणत्या डिस्कवरून सुरू करायचा, त्या डिस्कशी कोणत्या पद्धतीने बोलायचं, सुरुवातीला पासवर्ड विचारायचा का, अशा गोष्टी जुन्या कॉम्प्युटरमध्ये तिथे लिहिलेल्या असतात. १९८४ साली आयबीएमने 'पीसी एटी' नावाचा कॉम्प्युटर आणला, त्यात ही सगळी सोय मोटोरोलाच्या एकाच चिपमध्ये होती. स्मृती किती? फक्त ६४ बाइट! त्यातले १४ घड्याळाच्या कामाला, उरलेले ५० बाकीच्या नोंदींना. एका बाइटमध्ये इंग्रजीचं एक अक्षर मावतं. म्हणजे इंग्रजीतलं एखादं छोटंसं वाक्यच तिथे मावलं असतं.

त्याआधीची गंमत ऐका. आयबीएमच्या १९८१ सालच्या पहिल्या पीसीत असं घड्याळ नव्हतंच. कॉम्प्युटर लावला की तोच तुम्हाला विचारायचा, आज तारीख काय? कुणी कंटाळून नुसतंच एंटर दाबलं, की कॉम्प्युटरच्या लेखी तो दिवस मंगळवार, १ जानेवारी १९८० ठरायचा. रोजच!

आता मुद्द्याचं. सगळा कॉम्प्युटर झोपलेला असताना घड्याळाला आणि त्या स्मृतीला वीज कोण देतं? मदरबोर्डवर बसवलेला एक चपटा, गोल, चकचकीत सेल. बहुतेक वेळा त्यावर 'सीआर २०३२' असं लिहिलेलं असतं. हा आकडा म्हणजे त्याचं मापच : रुंदी २० मिलीमीटर आणि जाडी ३.२ मिलीमीटर. व्होल्ट ३. ताकद साधारण २२० मिलिअँपिअर-तास. मोबाइलच्या बॅटरीवर ५,००० छापलेलं असतं, त्यापुढे हा अगदीच किरकोळ. तरी मोबाइल एका दिवसात आटपतो आणि हा वर्षानुवर्षं चालतो. कसा?

गुपित 'सीमॉस' या चिप बनवण्याच्या पद्धतीत आहे. फ्रँक वॉनलास या अमेरिकी इंजिनिअरने ती १९६३ साली मांडली. अशी चिप जेव्हा काही बदलत नसते, नुसतं धरून ठेवत असते, तेव्हा जवळजवळ वीज खातच नाही. समजा, आपल्या घड्याळाला आणि स्मृतीला मिळून ५ मायक्रोअँपिअर वीज लागते. २२० मिलिअँपिअर-तास म्हणजे २,२०,००० मायक्रोअँपिअर-तास. त्याला ५ ने भागलं की ४४,००० तास. वर्षात ८,७६० तास असतात. करा भागाकार! पाच वर्षं आली ना?

पण जूनमध्येच का बरं रुसतो हा? गेल्या पंचवीसेक वर्षांतले टेबलावरचे कॉम्प्युटर 'शट डाउन' केले, तरी भिंतीवरचं बटण चालू असेपर्यंत थोडी वीज आत घेत राहतात. तेवढ्या वेळात घड्याळाचं त्या विजेवर भागतं, सेलला आराम. सुट्टीत मात्र सर सगळी बटणं बंद करून कुलूप लावतात. मग सारा भार सेलवर. म्हातारा सेल महिना-दीड महिन्यात हात टेकतो.

आणि ते 'चेकसम'? सहलीला निघताना बाई मुलं मोजतात आणि परतताना पुन्हा मोजतात, तसं. नोंदी लिहिताना कॉम्प्युटर त्यांची बेरीज करून ठेवतो. सुरू होताना पुन्हा बेरीज करतो. जुळली नाही तर नोंदी खराब झाल्या असं धरतो आणि कारखान्यातल्या ठरावीक सेटिंगवर जातो. म्हणून तर ते जुनं साल! आणि सालच चुकलं की वेबसाइटही अडतात. वेबसाइटच्या ओळखपत्रावर 'अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत' असं लिहिलेलं असतं. २०१० मध्ये अडकलेल्या कॉम्प्युटरला आजचं ओळखपत्र खोटंच वाटणार.

संशय पक्का करायला कसलीही अवजारं नकोत. एक रात्र कॉम्प्युटर शट डाउन करा, पण भिंतीवरचं बटण चालू ठेवा. दुसऱ्या रात्री तेही बंद करा. पहिल्या सकाळी वेळ बरोबर आणि दुसऱ्या सकाळी चूक, तर सेल संपला. मग बटण कायम चालूच ठेवावं का? मुळीच नको. वीज वाया जाते, पावसाळ्यात विजा पडतात. त्यापेक्षा सेल बदलणं कितीतरी स्वस्त.

बदलताना मोठं माणूस सोबत हवंच. कॉम्प्युटर सुरू होताना उघडता येणाऱ्या 'सेटअप' या सेटिंगच्या पानांचे फोटो जमले तर आधी काढून ठेवा. भिंतीवरचं बटण बंद करून वायर काढायची, डब्याच्या उघड्या पत्र्याला हात लावायचा म्हणजे अंगावरची स्थिर वीज निघून जाते. मग खोबणीची पट्टी हळूच बाजूला दाबली की सेल वर येतो. नवा बसवताना अधिक चिन्ह वर. त्यानंतर सेटअपमध्ये शिरून तारीख, वेळ आणि सुरू होण्याची डिस्क नीट लावायची आणि 'सेव्ह' करूनच बाहेर पडायचं. लॅपटॉपमध्ये हा सेल बऱ्याचदा वायरीला जोडून खोल दडवलेला असतो. ते काम दुरुस्तीवाल्या काकांचं.

जुना सेल लगेच चिकटपट्टीत गुंडाळा आणि ई-कचऱ्यात द्या. घरात धाकटं भावंड असेल तर जास्तच जपा. असा सेल गिळला गेला आणि अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांत आत गंभीर भाजतं. संपलेल्या सेलनेसुद्धा! गिळल्याची नुसती शंका आली तरी तडक दवाखाना.

नवा सेल घालूनही वेळ चुकते? मग किती चुकते ते मोजा. नेमकी साडेपाच तासांनी चुकत असेल, तर सेल निर्दोष आहे. एकाच कॉम्प्युटरवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही असले की असं होतं. विंडोज घड्याळाच्या चिपमध्ये भारताची वेळ लिहितं, लिनक्स बहुधा जागतिक वेळ, आणि त्या दोन वेळांत फरक आहे साडेपाच तासांचा. दोघंही आपापल्या जागी बरोबर, पण एकमेकांचं लिहिलेलं चुकीचं वाचतात. इथे लिनक्सला एक आज्ञा देऊन भारताची वेळ लिहायला लावलं, की भांडण मिटतं.