जळते ते तांबे नव्हे

दुबलगुंडीच्या शेतातली मोटार जळली की ती हुमनाबादला रिवायंडिंगला जाते आणि तिथे पहिला प्रश्न ठरलेला: तांबं भरायचं की ॲल्युमिनियम? ॲल्युमिनियम स्वस्त, पण त्याची विद्युतवाहकता तांब्याच्या जेमतेम 61 टक्के. तेवढ्याच जाडीच्या तारेतून तेवढाच करंट नेला की उष्णता दीडपटीहून जास्त. जाड तार घ्यावी, तर खाचांत जागा नसते.

साताऱ्यात कोयनेच्या जलाशयावरच्या वनकुसवडे पठारावर ज्या पवनचक्क्या फिरतात, त्यांच्या जनित्रांपुढेही उष्णतेचा हाच प्रश्न असतो, फक्त आकडे मोठे. 2 मेगावॅटच्या जनित्रात पाच टक्के ऊर्जा वाया गेली असे धरले, तरी 100 किलोवॅट उष्णता होते; खोलीत लावायच्या पन्नास मोठ्या हीटरांएवढी, आणि तीही मनोऱ्याच्या टोकावरच्या बंद पेटीत. शिवाय तापलेल्या तांब्याचा रोध वाढतो, 20 अंशांवरून 120 अंशांवर गेल्यास सुमारे 39 टक्क्यांनी. म्हणजे उष्णतेतून आणखी उष्णता.

तरी तांबे जळत नाही. ते वितळायला हजार अंशांहून अधिक तापमान लागते. जळते ते तारेवरचे वार्निश आणि राळ, म्हणजे इन्सुलेशन. त्याचे वर्ग ठरलेले आहेत: बी 130 अंश, एफ 155, एच 180. मर्यादेपलीकडच्या दर दहा अंशांना आयुष्य साधारण निम्मे होते, हा या धंद्यातला जुना ठोकताळा. म्हणून चांगला अभियंता एच वर्गाचे साहित्य वापरतो आणि जनित्र मात्र एफच्या मर्यादेत चालवतो. खर्च वाढतो, पण ऐंशी मीटर उंचीवरचे जनित्र क्रेनने उतरवण्यापेक्षा तो स्वस्तच, असे माझे मत.

लोखंडाचा गाभाही तापतो. तो अखंड ठेवला तर त्यात भोवरी प्रवाह फिरतात. म्हणून सिलिकॉन मिसळलेल्या पोलादाचे अर्ध्या मिलिमीटरचे पत्रे, मध्ये लेप देऊन, एकावर एक रचतात. पत्रा पातळ तितकी उष्णता कमी, आणि किंमत जास्त.

गिअरबॉक्स नसलेल्या काही यंत्रांत निओडिमियमची कायमची चुंबके असतात. चुंबकत्वासाठी करंट द्यावा लागत नसल्याने तेवढी उष्णता वाचते. पण साधी निओडिमियम चुंबके 80 अंशांच्या आसपासच कमजोर पडू लागतात. जास्त सोसायला त्यांत डिस्प्रोशियम मिसळावे लागते, आणि ते महाग व दुर्मीळ. पवनचक्क्या बनवणाऱ्या एनरकॉन कंपनीने आपल्या गिअरविरहित यंत्रांत बराच काळ चुंबके टाळून तांब्याच्या गुंडाळीवरच भिस्त ठेवली. गुंडाळी तापते, पण तापल्यावर निदान पूर्ववत थंड तरी होते. गेलेले चुंबकत्व परत येत नाही.

उंचीचीही भर पडते. हजार मीटरच्या वर हवा विरळ होऊन कमी उष्णता वाहून नेते, म्हणून तिथे जनित्राची क्षमता थोडी कमीच धरतात. वनकुसवड्याचे पठार या रेषेच्या वरचेच. दख्खनच्या बाजूने एक गोष्ट मात्र आहे: वारा सर्वांत जोरात असतो तो मे महिन्यात नव्हे, तर पावसाळ्यात, हवा थंड असताना. पण मग दमट हवेचा त्रास. बंद यंत्राच्या गुंडाळीवर दव धरते, इन्सुलेशन ओलावते. त्यावर उपाय म्हणून जनित्राच्या आत एक छोटा हीटर बसवतात आणि यंत्र थांबले की तो चालू करतात.