थंडीतले काँक्रीट

काँक्रीट वाळून कडक होत नाही. सिमेंट आणि पाणी यांच्यात रासायनिक क्रिया होते आणि तिच्यातून तयार होणारी संयुगे वाळू-खडीला घट्ट धरून ठेवतात. थंडीत ही क्रिया मंदावते. हवा ५ अंश सेल्सिअसच्या खाली गेली की भारतीय मानके त्याला थंड हवामानातले काँक्रीटकाम मानतात आणि त्यासाठी वेगळे नियम लावतात. लडाखमध्ये तर पारा शून्याच्याही बराच खाली उतरतो.

खरा धोका पहिल्या एक-दोन दिवसांचा. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगते. ओल्या काँक्रीटमध्ये तसे झाले, तर बर्फ खडीला सिमेंटपासून ढकलून वेगळी करतो. पुढे ऊन पडून बर्फ वितळला तरी सुटलेली पकड परत येत नाही. स्लॅब वरून ठीकठाक दिसतो, पण त्याची ताकद निम्म्याने घटलेली असू शकते. सुमारे ३.५ मेगापास्कल ताकद आली की एखादे गोठणे काँक्रीट सोसते. १० अंश तापमान राखले, तर चांगल्या मिश्रणाला त्यासाठी साधारण दोन दिवस पुरतात.

तेवढी ऊब मिळवायची कशी? सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे पाणी तापवणे. पाण्यात वाळू-खडीच्या चार-पाच पट उष्णता मावते. मात्र कढत पाणी थेट सिमेंटवर ओतले तर ते तिथेच आवळते; म्हणून मिक्सरमध्ये आधी खडी-वाळू आणि पाणी, सिमेंट शेवटी. वाळूच्या ढिगात बर्फाची ढेकळे राहिली तर ही सारी मेहनत फुकट जाते. एक किलो बर्फ नुसता वितळायला जेवढी उष्णता लागते, तेवढीत एक किलो पाणी शून्यापासून ८० अंशांपर्यंत तापते.

ओतून झाल्यावर झाकणे महत्त्वाचे, कारण सिमेंट स्वतःच उष्णता सोडत असते. ती राखली की निम्मे काम होते. कडा आणि कोपरे आधी गार पडतात, तिथे आच्छादन दुहेरी हवे. ताडपत्रीच्या तंबूत कोळशाच्या शेगड्या पेटवण्याची पद्धत मात्र दोन्हीकडून घातक आहे. धुरातला कार्बन डायऑक्साइड ताज्या पृष्ठभागाला भुसभुशीत करतो आणि कार्बन मोनॉक्साइड आत झोपलेल्या मजुराचा जीव घेतो.

घाईने सेंट्रिंग काढणे याहून वाईट. एप्रिल १९७८ मध्ये अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियातील विलो आयलंड येथे शीतमनोऱ्याचे काम सुरू होते. आदल्या दिवशी ओतलेल्या थरावर साचे आणि मचाण टांगलेले होते. त्या थरात पुरेशी ताकद आली नव्हती. मचाण कोसळून ५१ कामगार ठार झाले. हवा गोठवणारीही नव्हती, नुसती गार होती.

माणसाच्या बाबतीत वारा हिशेब बदलतो. उणे १० अंशांत ताशी ३० किलोमीटरचा वारा सुटला, तर उघड्या कातडीला ते उणे २० वाटते. बोटे बधिर झाली की सळई बांधण्यासारखे बारीक काम बिघडते. घामाने भिजलेला सुती सदरा ऊब धरत नाही, लोकर थोडीफार धरते. लडाखच्या रस्त्यांवर झारखंडचे अनेक मजूर राबतात. त्यांना बर्फाची सवय नसते आणि उंचीमुळे प्राणवायूही कमी मिळतो.

त्यामुळे हिमालयात उघड्यावरचे बहुतेक काँक्रीट उन्हाळ्यातच उरकून घेतात. ९.०२ किलोमीटर लांबीच्या अटल बोगद्याचे उत्तरेकडचे तोंडही, रोहतांग खिंड बर्फाने बंद होत असल्याने, वर्षातले काही महिनेच कामाला उपलब्ध असे.