खरी गोम शेपटाकडे

मराठीत गोम स्त्रीलिंगी आणि घोणही स्त्रीलिंगी. भाषेने सगळ्यांना सरसकट मादी करून टाकले आहे, आणि वरवरच्या रूपापुरते बोलायचे तर निसर्गानेही नर-मादीत फारसा फरक ठेवलेला नाही. भंडारा जिल्ह्यात पावसाळ्यात बांधीच्या धुऱ्यावरचा दगड, तणसाचा ढीग नाहीतर जुन्या कवेलूंची रास हलवली की पायांच्या २१ जोड्या असलेली चपटी घोण सुळकन पळते. ती नर की मादी, हे तिच्या रंगावरून किंवा लांबीवरून ठरवता येत नाही. ‘मोठी ती मादी’ हा तर्क कोळ्यांच्या बाबतीत बऱ्याचदा खरा ठरतो, इथे मात्र फसतो. घोण अनेक वर्षे जगते आणि वयात आल्यावरही कात टाकत वाढत राहते. तिच्या लांबीवरून कळलेच तर वय आणि खाणेपिणे कळेल. मागचे लांब पाय म्हणजे नांगी, हाही गैरसमजच. विष असते तोंडाखालच्या आकड्यांत, आणि ते नराइतकेच मादीतही असते.

हे साम्य मला स्वाभाविक वाटते. मोराचा पिसारा पाहायला लांडोर असते. घोण रात्री फिरते. डोक्याच्या प्रत्येक बाजूला तिला चारच साधे डोळे, आणि त्यांना उजेड-अंधारापलीकडे फारसे काही कळत नाही. जोडीदाराची ओळख पटते ती मुख्यतः मिशांच्या स्पर्शाने. पुढेही नर जमिनीवर तंतूंचे जाळे विणतो, त्यावर शुक्राणूंची पुडी ठेवतो आणि मादी ती उचलून घेते. अशा व्यवहारात नटून कोणाला दाखवायचे?

यावर जाणकार अपवाद पुढे करतील, आणि तो भक्कम आहे. लिनियसने १७५८ मध्ये नाव दिलेली ‘स्कोलोपेंड्रा मॉर्सिटान्स’ ही घोण भारतात सर्वदूर आढळते. तिच्या प्रौढ नराचे शेवटचे पाय वरून चपटे असतात, त्यांच्या कडा उचललेल्या. मादीचे तसे नसतात. मग रूपावरून ओळखता येते की! पण खरी गोम इथेच आहे. या खुणेसाठी प्राणी प्रौढ हवा, जात नेमकी ठाऊक हवी, हाताशी भिंग हवे आणि शेवटचे पाय शाबूत हवेत. एक पाय मोडला म्हणून गोम लंगडी होत नाही हे खरे. मात्र तुटलेला पाय कात टाकताना पुन्हा फुटतो तो आधी खुजा असतो, आणि खूण पुसट होते. मातीतल्या दोऱ्यासारख्या गोमांमध्ये मादीला सहसा पायांच्या जोड्या जास्त असतात, तरी दोघांचे आकडे एकमेकांत मिसळतात. घरातल्या भिंतीवर धावणाऱ्या, १५ जोड्यांच्या लांब पायांच्या गोमेत मादीच्या टोकाला चिमट्यासारखे अवयव दिसतात खरे, पण ती क्षणभर थांबेल तर ना!

घोणीच्या बाबतीत खात्रीचा पुरावा शेवटच्या पायांच्या मधोमध, आत ओढून घेतलेल्या जननखंडात असतो. अभ्यासक तिला बेशुद्ध करून तो भाग हलकेच दाबून बाहेर काढतात. घरी करून पाहण्याचे हे काम नव्हे. भिंगाशिवाय कळणारी खूण एकच, आणि ती रूपाची नाहीच: अंड्यांभोवती किंवा पांढुरक्या पिलांभोवती वेटोळे घालून बसलेली घोण मादीच असते. तिला फार डिवचले तर ती स्वतःचीच अंडी खाऊन टाकते, तेव्हा उचललेले कवेलू तिथेच हळूच ठेवलेले बरे.