परिवर्तनशील तुलनांचे सुरक्षित मूल्यमापन

महाराष्ट्र शासनाने २८ जून २०२४ च्या निर्णयान्वये ‘मुख्यमंत्री – माझी लाडकी बहीण’ योजना सुरू केली, तेव्हा अर्जदार स्त्रीचे वय २१ ते ६० वर्षे आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाख रुपयांपर्यंत असावे, अशा तिच्या अटी होत्या. जुलैच्या आरंभीच वयाची वरची मर्यादा ६५ झाली, शेतजमिनीसंबंधीची अट वगळण्यात आली आणि पिवळी अथवा केशरी शिधापत्रिका असलेल्यांना उत्पन्नाच्या दाखल्यातून सूट मिळाली. घाटकोपरच्या असल्फा टेकडीवर राहणाऱ्या बासष्ट वर्षांच्या एखाद्या बाईच्या दृष्टीने या चार-सहा दिवसांच्या फेरफारात अर्जाचा निकालच पालटतो. अशा योजनेचा प्रोग्रॅम लिहिणाऱ्यापुढे मात्र निराळाच प्रश्न उभा राहतो. अटी इतक्या लवकर बदलत असतील, तर त्या प्रोग्रॅममध्ये कायमच्या कोरून ठेवणे गैरसोयीचे होते. त्या डेटाबेसात ठेवाव्या लागतात आणि सर्व्हरला त्या ऐन वेळी वाचून पडताळून पाहाव्या लागतात. अशा तुलनेस परिवर्तनशील तुलना म्हणता येईल.

अशा प्रत्येक तुलनेची अंगे तीन: डावे पद (वय), तुलनाचिन्ह (>=) आणि उजवे पद (२१). ही तिन्ही अंगे एका ओळीत गुंफून ती ओळ ‘इव्हॅल’ या फलनाच्या हवाली करणे, हा सर्वांत सोपा व म्हणूनच सर्वांत मोहक मार्ग होय. पीएचपी, जावास्क्रिप्ट व पायथन या तिन्ही भाषांत तो उपलब्ध आहे. परंतु त्यात माहिती आणि आज्ञा यांतील भेदच नाहीसा होतो. उजव्या पदाच्या जागी कोणी संख्येऐवजी फाईल पुसून टाकण्याची आज्ञा लिहिली, तर सर्व्हर तीही पाळतो, आणि तीही स्वतःला असलेल्या सर्व अधिकारांनिशी. काही घातक शब्द गाळून टाकण्याचा उपाय पुष्कळदा सुचविला जातो. पण तेच कृत्य दुसऱ्या शब्दांत सांगण्याच्या वाटा इतक्या आहेत की ती यादी कधीच पुरी होत नाही. पायथनमध्ये अंगभूत नावे काढून घेतली तरी वस्तूंच्या गुणधर्मांवरून मागच्या दाराने त्यांच्यापर्यंत पोहोचता येते. नोडच्या ‘व्हीएम’ या घटकाविषयी तर त्याच्या अधिकृत माहितीपत्रातच तो सुरक्षेचे साधन नव्हे असे बजावलेले आहे. पीएचपीने २६ नोव्हेंबर २०२० च्या ८.० या आवृत्तीतून ‘क्रिएट-फंक्शन’ काढून टाकले आणि ‘असर्ट’ला मजकूर देऊन तो आज्ञा म्हणून चालविण्याची सोयही बंद केली, ‘इव्हॅल’ मात्र तेथे अद्याप आहे.

यावरील योग्य उपाय अगदी साधा आहे. मान्य तुलनाचिन्हांचा एक छोटा तक्ता करावा, प्रत्येक चिन्हापुढे आधीच लिहिलेले फलन ठेवावे आणि तक्त्यात नसलेले चिन्ह आल्यास नकार द्यावा. पदांची नावेही अशाच तक्त्यातून घ्यावीत. जावास्क्रिप्टमध्ये येथे एक सूक्ष्म खोच आहे. सामान्य ऑब्जेक्ट तक्ता म्हणून वापरल्यास ‘कन्स्ट्रक्टर’ हे नावही त्यात वारशाने सापडते. चिन्हाच्या जागी ते नाव आले, तर तुलना न होता एक वस्तू परत मिळते आणि तिला ‘सत्य’ मानले जाते. म्हणून तेथे ‘मॅप’ वापरावा आणि उत्तर निखळ सत्य वा असत्य आहे याची खात्री करून घ्यावी.

एवढ्याने आज्ञेचा धोका टळतो, परंतु चुकीच्या निकालाचा टळत नाही. आणि या दुसऱ्या धोक्याकडेच अधिक दुर्लक्ष होते. वेबवरील अर्जातून येणारे प्रत्येक मूल्य मूळचे मजकूर असते. जावास्क्रिप्टमध्ये दोन्ही पदे मजकूर असली की तुलना शब्दकोशाच्या क्रमाने, अक्षरामागून अक्षर अशी होते. ‘३’ हा मजकूर ‘२१’च्या पुढे आणि ‘६५’च्या मागे पडतो, सबब तीन वर्षांची मुलगी दोन्ही मर्यादांत बसते! उत्पन्नाची गोष्ट याहून चमत्कारिक आहे. आपल्याकडे अडीच लाख ही रक्कम स्वल्पविराम देऊन २,५०,००० अशी लिहितात. जावास्क्रिप्टच्या ‘नंबर’ला ती संख्या वाटत नाही, ते ‘नॅन’, म्हणजे ‘संख्या नव्हे’, असे मूल्य देते. ‘नॅन’शी केलेली लहानमोठेपणाची कोणतीही तुलना असत्यच ठरते. त्यामुळे ‘उत्पन्न मर्यादेहून अधिक असल्यास अर्ज नाकारावा’ असा नियम लिहिला असेल, तर स्वल्पविराम देऊन लिहिलेली कोणतीही रक्कम, मग ती पन्नास लाखांची का असेना, बिनदिक्कत पार होते. पीएचपीमध्ये त्याच मजकुराचे सक्तीने पूर्णांकात रूपांतर केल्यास उत्तर २ येते. देवनागरी अंकांना जावास्क्रिप्ट संख्या मानीत नाही. पायथनचे ‘इंट’ मात्र ते विनातक्रार वाचते. सारांश, रूपांतर प्रथम, तेही काटेकोर, तुलना त्यानंतर, आणि नियम शक्यतो होकारार्थी लिहावा, म्हणजे न समजलेले मूल्य आपोआप बाहेर राहते.

हीच तुलना एसक्यूएलमध्ये करावयाची झाल्यास मूल्याची जागा मोकळी ठेवून ते मागाहून बांधता येते. रकान्याचे नाव व तुलनाचिन्ह मात्र असे बांधता येत नाही. त्यांना वरील तक्त्याखेरीज गत्यंतर नाही.

शिधापत्रिकेच्या सवलतीसारखी ‘अथवा’ने जोडलेली अट आली की एक ओळ पुरत नाही. अशा वेळी ‘आणि’, ‘अथवा’ यांच्या गाठी असलेला लहानसा वृक्ष साठवावा, त्याच्या खोलीस मर्यादा घालावी आणि प्रत्येक पानाशी वरीलप्रमाणेच तुलना करावी. प्रत्येक अर्जाच्या निकालाबरोबर त्या दिवशी लागू असलेल्या नियमाची आवृत्तीही नोंदवून ठेवावी. म्हणजे मर्यादा ६० असताना नाकारलेले कोणते अर्ज ती ६५ झाल्यावर पुन्हा तपासावयाचे, हे शोधून काढता येते.