ऋतुमानाप्रमाणे घराची स्वच्छता

घर रोज झाडले जाते, तरीही वर्षातून एकदोन वेळा ते कानाकोपऱ्यापासून स्वच्छ करावे लागते. रोजच्या केरवाऱ्यात जमिनीवरचा कचरा निघतो. पण कपाटाच्या माथ्यावर, पलंगाखाली, माळ्यावर आणि भांड्यांच्या मांडणीमागे धूळ साचतच राहते. महाराष्ट्रात या मोठ्या स्वच्छतेचा काळ परंपरेने ठरलेला आहे. नवरात्रापूर्वी अंथरूण-पांघरूण धुणे, भांडी घासणे, भिंती झाडणे या कामाला ‘दसरा काढणे’ असे म्हणतात. आषाढी अमावास्येला घरातील दिवे घासून लख्ख केले जातात. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी नवी केरसुणी आणून तिची पूजा होते. या चालीरीतींमागे श्रद्धा आहे, तसेच ऋतूचे भानही आहे. चार महिन्यांच्या पावसाने घरात ओल धरलेली असते, गोधड्यांना कुबट वास येत असतो. पावसाळा सरून ऊन पडू लागले की त्या धुऊन वाळवणे सोयीचे होते. म्हणजेच, मोठी स्वच्छता केव्हा करावी हे पंचांगाइतकेच हवामानावरही अवलंबून असते.

नोकरीच्या किंवा शिक्षणाच्या निमित्ताने दिल्लीत राहणाऱ्या मराठी कुटुंबांना हे विशेष जाणवते. तेथे दसरा काढण्याची रीत तर पाळली जातेच. पण तेथील हवा आणखी एका मोठ्या स्वच्छतेची मागणी करते. ती म्हणजे वसंत ऋतूतील स्वच्छता.

मुनिरका येथील घरे आणि ऋतू

मुनिरका ही दक्षिण दिल्लीतील बाह्य रिंग रोडलगतची वस्ती आहे. तिचा एक भाग म्हणजे जुने गाव. तेथील गल्ल्या अरुंद आहेत, इमारती एकमेकींना खेटून उभ्या आहेत आणि अनेक खोल्या भाड्याने दिलेल्या आहेत. जवाहरलाल नेहरू विद्यापीठ जवळच असल्याने तेथे विद्यार्थीही मोठ्या संख्येने राहतात. दुसऱ्या भागात दिल्ली विकास प्राधिकरणाने बांधलेल्या सदनिका आहेत. सदनिकांना सज्जा आणि खिडक्या असतात. गावातील कित्येक खोल्यांत मात्र दुपारीही दिवा लावावा लागतो.

दिल्लीत हिवाळ्याचे दोन-तीन महिने दारे-खिडक्या बंद ठेवाव्या लागतात. थंडी असते आणि बाहेरची हवाही धुराने भरलेली असते. एप्रिलपासून जूनपर्यंत ‘लू’ नावाचे उष्ण वारे वाहतात आणि अधूनमधून धुळीची वादळे येतात. त्यांना तेथे ‘आँधी’ म्हणतात. जुलै ते सप्टेंबर हा पावसाचा आणि डासांचा काळ. या सर्वांच्या मध्ये फेब्रुवारीअखेर आणि मार्च हा काळ तेवढा सुखद असतो. या दिवसांत खिडक्या उघडता येतात, रजया उन्हात घालता येतात आणि उन्हाळ्यासाठी कूलर काढण्यापूर्वी त्याची तपासणी करता येते. म्हणून मोठ्या स्वच्छतेसाठी हेच दिवस योग्य ठरतात.

कामाचा क्रम

स्वच्छतेला सुरुवात करण्यापूर्वी क्रम ठरवावा. पहिला नियम असा, की काम वरून खाली करावे. आधी जमीन पुसून नंतर पंखा झाडला, तर जमीन पुन्हा पुसावी लागते. छताची जळमटे, पंखे, कपाटांचे माथे, भिंती, सामान आणि शेवटी जमीन, हा क्रम ठेवावा. दुसरा नियम असा, की आतल्या कोपऱ्यापासून दाराकडे यावे. तिसरा नियम धुळीविषयी आहे. कोरड्या झाडूने बारीक धूळ नाहीशी होत नाही. ती हवेत उडते आणि काही तासांनी पुन्हा खाली बसते. या धुळीतील अतिसूक्ष्म कण केसाच्या जाडीच्या सुमारे तिसाव्या भागाइतके लहान असतात. ते श्वासावाटे फुप्फुसांच्या खोल भागापर्यंत पोचतात. दमेकरी, वृद्ध आणि लहान मुले यांना त्यांचा अधिक त्रास होतो. म्हणून सामान ओलसर फडक्याने पुसावे, जळमटे काढताना नाकातोंडावर कापड बांधावे आणि त्या वेळी दमेकऱ्याला दुसऱ्या खोलीत बसवावे. पंख्याच्या पात्यावर जुना उशीचा अभ्रा चढवून तो ओढून घेतला, तर धूळ अभ्र्यातच राहते. पंखा पुसण्यापूर्वी त्याचे बटण बंद करण्यास विसरू नये.

झोपण्याची खोली

दिल्लीतील घरांत रजया ठेवण्यासाठी बहुधा पेटीचा पलंग वापरतात. संपूर्ण हिवाळा वापरलेली रजई तशीच पेटीत ठेवली, तर तिच्यातील दमटपणाही पेटीत बंद होतो. अंथरुणात अतिसूक्ष्म धूळकिडे असतात. माणसाच्या त्वचेचे गळून पडलेले कण हे त्यांचे अन्न होय. दमट जागेत ते वाढतात आणि त्यांच्यामुळे काहींना शिंका व दम्याचा त्रास होतो. रजया गच्चीत किंवा सज्जात दोन-तीन दिवस कडक उन्हात घालाव्यात, उलटसुलट कराव्यात, झटकाव्यात आणि पूर्ण थंड झाल्यावरच पेटीत ठेवाव्यात. पेटी रिकामी असताना तिच्या फटी तपासाव्यात. ढेकणांचा मुक्काम तेथेच असतो. लोकरी कपडे धुऊन, वाळवून, घडी करून ठेवावेत. डांबराच्या गोळ्या वापरल्यास त्या मुलांच्या हाती लागणार नाहीत अशी काळजी घ्यावी, कारण त्या गिळल्यास विषबाधा होते.

स्वयंपाकघर

स्वयंपाकघरात धूळ कोरडी राहत नाही. फोडणीचा धूर आणि तेलाची वाफ यांच्याशी मिसळून ती चिकट होते. हा थर नुसत्या पाण्याने निघत नाही. कोमट पाणी आणि भांड्यांचा साबण वापरावा. झुरळे अन्नाच्या कणांवर आणि ओलाव्यावर जगतात. म्हणून ओट्याच्या कडा, शेगडीखालची जागा आणि मोरी ही ठिकाणे रात्री कोरडी ठेवावीत. डब्यांतील धान्य काढून निवडावे व उन्हात वाळवावे. नवे धान्य जुन्यावर ओतू नये. जुने संपल्यावर डबा पुसून मगच नवे भरावे.

स्वच्छतेच्या वेळी गॅसची नळीही पाहावी. रबरी सुरक्षा नळी पाच वर्षांनी बदलावी, असा नियम आहे. नळीला भेगा पडल्या असतील तर त्यापूर्वीच बदलावी. गळतीची शंका आल्यास साबणाचे पाणी लावून पाहावे. बुडबुडे आले तर गळती आहे असे समजावे आणि रेग्युलेटर ताबडतोब बंद करावा. पेटती काडी जवळ नेऊन परीक्षा कधीही करू नये.

न्हाणीघर आणि शौचालय

मुनिरका गावातील अनेक न्हाणीघरांना खिडकी नसते. अशा बंद जागेत एक चूक जिवावर बेतू शकते. ती म्हणजे ब्लीचिंग पावडर आणि ॲसिड एकत्र वापरणे. दोन्हींनी अधिक स्वच्छ होईल, असे पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात या मिश्रणातून क्लोरीन वायू बाहेर पडतो. त्याने डोळे चुरचुरतात, घसा जळतो, श्वास कोंडतो. म्हणून एका वेळी एकच पदार्थ वापरावा, दार उघडे ठेवावे, हातात रबरी मोजे घालावेत आणि वापरलेला पदार्थ भरपूर पाण्याने धुऊन टाकावा. उग्र वास येऊ लागल्यास पाणी ओतत थांबू नये, आधी मोकळ्या हवेत यावे.

सज्जा, गच्ची आणि कूलर

वसंतातील स्वच्छतेचे सर्वांत महत्त्वाचे काम घराबाहेर असते. १९९६ साली दिल्लीत डेंग्यूची मोठी साथ आली. तिच्यात दहा हजारांहून अधिक रुग्णांची नोंद झाली आणि चारशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. डेंग्यू पसरवणारा एडिस जातीचा डास घरातील व घराभोवतीच्या साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. कूलर, टाकी, कुंडीखालची ताटली, गच्चीवर टाकलेला जुना टायर ही त्याची आवडती ठिकाणे होत.

या डासाची मादी भांड्याच्या आतल्या बाजूस, पाण्याच्या पातळीच्या किंचित वर अंडी घालते. ही अंडी भिंतीला घट्ट चिकटतात आणि पाण्यावाचूनही कित्येक महिने टिकतात. मागील पावसाळ्यानंतर कूलर नुसता रिकामा करून ठेवला असेल, तर अंडी त्याच्या पत्र्यावर तशीच असण्याचा संभव असतो. नव्या उन्हाळ्यात पाणी भरताच ती उबू शकतात. म्हणून मार्चमध्ये कूलर काढताना त्याची आतली बाजू घासणीने खरडून घासावी आणि बाजूंचे जुने गवत काढून नवे बसवावे. हे काम करण्यापूर्वी वायर बोर्डातून काढून ठेवावी. पुढे उन्हाळा-पावसाळ्यात आठवड्यातून एक दिवस कूलर रिकामा करून, घासून, कोरडा करावा. अंड्यापासून डास तयार होण्यास सुमारे आठ ते दहा दिवस लागतात. आठवड्याचा नेम पाळला, तर ही साखळी मध्येच तुटते. गच्ची सामाईक असल्यास हा नेम सर्व भाडेकरूंनी मिळून पाळावा; एका घराने कूलर घासला आणि शेजारचा तसाच राहिला, तर डास दोन्ही घरांत येतात.

निघालेल्या वस्तूंचे काय करावे ?

मोठ्या स्वच्छतेत नको असलेल्या पुष्कळ वस्तू निघतात. त्यांचे चार गट करावेत : वापरायच्या, दुरुस्त करायच्या, कोणाला द्यायच्या आणि टाकायच्या. रद्दी, बाटल्या, पत्रा हे भंगारवाल्याला द्यावे. ओला आणि सुका कचरा वेगळा ठेवावा. फुटलेली ट्यूबलाइट, जुन्या बॅटऱ्या आणि मुदत संपलेली औषधे त्यांत मिसळू नयेत. कचरा हातांनी निवडणारी माणसे असतात, त्यांना इजा होते. फुटलेली काच कागदात गुंडाळून, वर तशी खूण करून द्यावी.

स्वच्छता कोणाचे काम ?

२०१९ साली देशभर वेळेच्या वापराची सरकारी पाहणी झाली. घरकाम करणाऱ्या स्त्रियांचे त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे जातात आणि पुरुषांची ९७ मिनिटे, असे तिच्यात आढळले. घरकामात भाग घेणाऱ्या पुरुषांची संख्याही स्त्रियांपेक्षा पुष्कळच कमी होती. घर सर्वांचे असेल, तर ही विभागणी न्याय्य म्हणता येत नाही. झाडू हाती घेण्यात कमीपणा नाही, हे संत गाडगेबाबांनी महाराष्ट्राला आचरणातून शिकवले. २३ फेब्रुवारी १८७६ रोजी जन्मलेले गाडगेबाबा गावात आले की आधी रस्ते झाडत आणि रात्री कीर्तन करत. त्यांच्या नावाने २०००-०१ मध्ये महाराष्ट्र शासनाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले.

कामे वाटून घेतली, तर मोठी स्वच्छता दोन सुट्ट्यांत पूर्ण होते. उंचावरची आणि जड कामे सशक्त माणसांनी करावीत. मुलांनी आपली पुस्तके व कपडे लावावेत. वृद्धांनी बसल्या जागी धान्य निवडावे, घड्या कराव्यात. त्यानंतर घर नीट राहण्यासाठी दोन सवयी पुरेशा असतात : प्रत्येक वस्तूला ठरलेली जागा असावी आणि वापरणाऱ्याने ती वस्तू त्या जागी परत ठेवावी. एका खोलीच्या घरात तर या सवयींची गरज अधिकच असते, कारण तेथे पसरलेली प्रत्येक वस्तू कोणाची तरी बसण्याची किंवा निजण्याची जागा अडवते. नीटनेटक्या घराची ओळख महागड्या सामानावरून होत नाही. त्या घरात सर्वांना मोकळा श्वास घेता येतो, हवी ती वस्तू हाताशी सापडते आणि आवरण्याचा भार एकाच माणसावर पडत नाही.