परगावी व्यायामाचा नेम : तीन शब्द आणि एक शास्त्रीय प्रश्न

संशोधनाच्या निमित्ताने परगावी जाऊन राहणे हा आपल्या व्यवसायाचा एक अपरिहार्य भाग आहे. हस्तलिखिते पाहण्यासाठी, दफ्तरे चाळण्यासाठी अथवा बोलीची ध्वनिमुद्रणे करण्यासाठी अभ्यासक दोन-तीन आठवडे एखाद्या मोठ्या शहरात मुक्काम करतो. या मुक्कामात त्याच्या दिनक्रमातील सर्वांत आधी गळून पडणारी गोष्ट कोणती, असे विचारल्यास बहुतेकांचे उत्तर एकच येईल : व्यायाम. वाचन चालू राहते, जेवण चालू राहते, पत्रव्यवहारही चालू राहतो; परंतु घरी असताना ज्या नेमाने आपण व्यायामशाळेत किंवा व्यायामाच्या वर्गास जातो, तो नेम पहिल्याच दिवशी मोडतो. पुढे घरी परतल्यावरही तो लवकर जुळत नाही. हे असे का होते, त्यात शरीराची हानी किती, आणि ती टाळण्यास किमान किती करणे पुरेसे आहे, या तीन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

विषय शरीरशास्त्राचा असला, तरी त्याचा आरंभ शब्दांपासून करणे सोयीचे आहे. व्यायामासंबंधी मराठीत रूढ असलेल्या शब्दांत ‘तालीम’, ‘कसरत’ आणि ‘नेम’ हे तीन शब्द विशेष लक्षणीय होत.

‘तालीम’ हा मूळ अरबी शब्द. ज्या धातूपासून ‘इल्म’ म्हणजे विद्या हा शब्द निघाला, त्याच धातूपासून हाही निघाला असून त्याचा मूळ अर्थ ‘शिकवणे’ असा आहे. उर्दू-हिंदीत तो आजही शिक्षण याच अर्थाने चालतो. १९३७ साली वर्धा येथे मांडल्या गेलेल्या शिक्षणयोजनेस ‘नई तालीम’ हे नाव मिळाले ते याच अर्थाने. मराठीत मात्र या शब्दाने निराळी वाट धरली. वस्तादाने दिलेले कुस्तीचे शिक्षण, त्यावरून अंगमेहनत, आणि त्यावरून ती जेथे चालते ती जागा, असा त्याचा अर्थ सरकत गेला. कोल्हापुरात तर तो याच्याही पुढे गेला. तेथील ‘तालीम मंडळ’ ही पेठेची संस्था होय. तिचे गणेशोत्सव असतात आणि तिचे फुटबॉलचे संघही असतात. ग्रीक ‘जिम्नेझियम’ या शब्दाचा प्रवास याच्या नेमका उलट झाला. मुळात ती व्यायामाची जागा. परंतु जर्मन भाषेत त्याच शब्दाचा अर्थ उच्च माध्यमिक विद्यालय असा झाला. एका शब्दाने शाळेकडून आखाड्याकडे प्रवास केला, तर दुसऱ्याने आखाड्याकडून शाळेकडे.

‘कसरत’ हाही अरबीतूनच आलेला शब्द. मूळ अर्थ ‘विपुलता’, ‘पुष्कळपणा’. एखादी क्रिया पुष्कळ वेळा करणे म्हणजे सराव, आणि शरीराचा सराव म्हणजे कसरत. आजच्या जिममध्ये ‘सेट’ आणि ‘रेपिटिशन’ हे शब्द कानी पडतात. त्यांतील दुसऱ्या शब्दाची कल्पना ‘कसरत’ या शब्दात पूर्वीपासूनच होती, हे सहज ध्यानी येईल.

‘नेम’ हा संस्कृत ‘नियम’ शब्दाचा तद्भव. त्यात ठरलेल्या वेळी ठरलेली गोष्ट करणे हा अर्थ आहे. नेम चुकला म्हणजे ‘खाडा’ पडतो. आणि खाडा हा शब्द मजुराच्या हजेरीस जसा लागतो, तसाच पहिलवानाच्या मेहनतीसही लागतो.

या तीन शब्दांत व्यायामाची तीन अंगे आली : जागा व गुरू, आवृत्ती, आणि काळ. आपल्या बोलण्याकडे मात्र लक्ष दिले, तर असे दिसते की, या तिहींपैकी पहिल्याच अंगाने व्यायामाचा सबंध अर्थ व्यापला आहे. ‘मी व्यायाम करतो’ असे म्हणणारे थोडे. ‘मी तालमीला जातो’, ‘जिमला जातो’, ‘क्लासला जातो’ असे म्हणणारे पुष्कळ. क्रियेऐवजी स्थान सांगण्याची ही लकब, आणि क्रियापद ‘जाणे’. मग परगावी ‘जाण्याची’ जागाच उरली नाही की क्रियाही संपली, असे वाटणे स्वाभाविक आहे. वस्तुतः प्रवासाने फक्त जागा आणि गुरू अंतरतात. आवृत्ती आणि काळ ही अंगे अभ्यासकाबरोबरच गाडीत बसून आलेली असतात.

येथे एक सावधगिरीची सूचना अवश्य दिली पाहिजे. व्युत्पत्ती हा पुरावा नव्हे. शब्दाचा मूळ अर्थ अमुक आहे म्हणून वस्तूचे स्वरूपही तमुक असले पाहिजे, असे अनुमान भाषाशास्त्रास मान्य होणार नाही. जागेवाचून, केवळ आवृत्ती आणि नेम यांच्या बळावर शरीराची कमाई टिकते की नाही, याचा निर्णय शरीरशास्त्राच्या प्रयोगांनीच व्हावयास हवा. सुदैवाने तसे प्रयोग झालेले आहेत.

प्रथम हानीचा विचार करू. १९६६ साली अमेरिकेतील डॅलस येथे वीस वर्षे वयाच्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर पडून ठेवण्यात आले. या तीन आठवड्यांत, परिश्रमाच्या पराकाष्ठेस शरीर जितका प्राणवायू वापरू शकते, ते प्रमाण चतुर्थांशाहूनही अधिक घटले. याच पाच जणांची तीस वर्षांनी पुन्हा तपासणी झाली, तेव्हा असे आढळले की, तीस वर्षांच्या वार्धक्याने त्यांपैकी कोणाचीही ही शक्ती त्या तीन आठवड्यांइतकी घटलेली नव्हती. अर्थात संशोधक परगावी अंथरुणावर पडून राहत नाही. तो चालतो, फिरतो. त्यामुळे हे आकडे जसेच्या तसे त्याला लावता येणार नाहीत. परंतु दिवसाचे आठ तास ग्रंथालयाच्या खुर्चीत आणि उरलेले वाहनात व खोलीत, असा ज्याचा क्रम आहे, त्याने या प्रयोगातून दिशा मात्र ओळखावी. श्वसन व रक्ताभिसरण यांची कमाई झपाट्याने ओसरते आणि पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच तिची घट मोजता येते. स्नायूंचे बळ त्या मानाने अधिक काळ टिकून राहते.

आता दुसरी बाजू. १९८१ ते १९८५ या काळात अमेरिकी संशोधक रॉबर्ट हिक्सन आणि त्यांचे सहकारी यांनी प्रयोगांची एक मालिका केली. काही लोकांकडून दहा आठवडे, आठवड्यातून सहा दिवस, रोज चाळीस मिनिटे जोरकस व्यायाम करवून घेतला. त्यानंतर एका प्रयोगात दिवस कमी केले : सहाऐवजी चार, आणि काहींच्या बाबतीत केवळ दोन. दुसऱ्या प्रयोगात दिवस तेच ठेवून वेळ कमी केला : चाळीसऐवजी सव्वीस, किंवा तेराच मिनिटे. तिसऱ्यात दिवस आणि वेळ कायम ठेवून व्यायामाचा जोर कमी केला. पहिल्या दोन्ही प्रयोगांत, पंधरा आठवड्यांपर्यंत, प्राणवायू वापरण्याची कमावलेली शक्ती टिकून राहिली. तिसऱ्यात मात्र ती घटली. १९८८ साली बळाच्या व्यायामासंबंधी झालेल्या एका प्रयोगातही, आठवड्यातून एक दिवस पूर्ण वजनाने व्यायाम केल्यास बारा आठवडे बळ राखता येते, असे दिसून आले.

या निष्कर्षांचे तात्पर्य आपल्या विषयास फार महत्त्वाचे आहे. कमावणे आणि राखणे या दोन भिन्न क्रिया असून राखण्यास लागणारा खर्च कमावण्याच्या खर्चाहून कितीतरी कमी असतो. दिवस कमी झाले तर चालेल, मिनिटे कमी झाली तर चालेल. जोर मात्र कमी होता कामा नये. प्रवासी नेमके याच्या उलट करतो. ‘परगावी काही जमत नाही, निदान थोडे हातपाय हलवू’ असे म्हणून तो रोज मंद, अंग न तापवणारा व्यायाम करतो आणि काही दिवसांनी तोही सोडून देतो. त्यापेक्षा आठवड्यातून तीनच दिवस, वीस-पंचवीस मिनिटे, पण धाप लागेल इतक्या जोराने केलेला व्यायाम अधिक फलदायी होय.

हा व्यायाम कोणता असावा? जागेचा प्रश्न आपल्या परंपरेने पूर्वीच सोडवून ठेवला आहे. जोर, बैठका आणि सूर्यनमस्कार यांना साडेतीन हात देह पसरेल एवढीच भूमी लागते. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सूर्यनमस्कारांचा हिरीरीने प्रसार केला, त्यात साधनांची ही अनपेक्षा हा एक मोठा मुद्दा होता. बडोद्याहून १९३६ ते १९४९ या काळात दहा खंडांत प्रसिद्ध झालेला व्यायामज्ञानकोश ज्याने चाळला असेल, त्याला उपकरणांवाचून करण्याजोग्या व्यायामप्रकारांची वाण पडणार नाही. वसतिगृहाच्या खोलीत दोन खाटांमधील मोकळी जागा यासाठी पुरेशी आहे.

शहर स्वतःही एक व्यायामशाळाच असते, याचाही विसर पडू नये. १९५३ साली जेरी मॉरिस आणि त्यांचे सहकारी यांनी लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरील चालक आणि वाहक यांची तुलना प्रसिद्ध केली. चालक दिवसभर बसून असे. वाहक तिकिटे देण्यासाठी गाडीच्या जिन्यावरून दिवसाकाठी पाचशे ते साडेसातशे पायऱ्या चढे. हृदयरोगाचे प्रमाण वाहकांमध्ये कमी आढळले, आणि जो रोग त्यांना होई तोही तुलनेने सौम्य असे. दोन्ही गटांत इतरही भेद होते, हे पुढे मॉरिस यांनीच दाखवले. तथापि शारीरिक हालचाल आणि हृदयाचे आरोग्य यांच्या संबंधाचा पद्धतशीर अभ्यास येथूनच सुरू झाला. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळात काम करणाऱ्या अभ्यासकास पर्वती दूर नाही. तिच्या पायऱ्या शंभराहून किंचित अधिक आहेत. पाच वेळा चढल्यास लंडनच्या वाहकाचा किमान आकडा पुरा होतो. भांडारकर संस्थेत बसणाऱ्यास मागच्या बाजूची टेकडी आहे. मुंबईत एशियाटिक सोसायटीत येणाऱ्यास सुमारे साडेतीन किलोमीटर लांबीचा मरीन ड्राइव्ह चालत गाठता येतो. शहर निवडणे आपल्या हाती नसले, तरी त्यातील चढ शोधणे हाती असते.

ज्यांना वर्गाची संगत आणि शिक्षकाचा शब्द यांवाचून व्यायाम साधत नाही, त्यांनी निघण्यापूर्वीच चौकशी करावी. अनेक व्यायामशाळा एका दिवसाची वा आठवड्याची फी घेऊन पाहुण्यास प्रवेश देतात. ज्या संस्थांच्या शाखा अनेक शहरांत आहेत, त्यांचे सभासदत्व कधी कधी दुसऱ्या शाखेतही चालते. पुण्यात १९२४ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्रीय मंडळासारख्या जुन्या संस्थाही आहेत. मुक्कामाच्या जागेपासून दहा मिनिटांहून दूरची व्यायामशाळा शक्यतो निवडू नये. अंतर हेच खाड्याचे पहिले कारण असते. वर्ग सुरू होण्यापूर्वी आपण पाहुणे आहोत हे शिक्षकास सांगावे, आणि जुने दुखणे असल्यास तेही सांगावे. भाषा परकी असली तरी फारसे अडत नाही. व्यायामवर्गातील भाषा आज्ञार्थी, अल्पाक्षरी आणि अंकप्रधान असते. एक ते दहा अंक आणि ‘वर’, ‘खाली’, ‘थांबा’ यांचे स्थानिक प्रतिशब्द अवगत असले म्हणजे वर्गाचा बहुतेक व्यवहार कळतो. उरलेले शेजाऱ्याकडे पाहून समजते. बोलींच्या अभ्यासकास तर ही आज्ञार्थाची रूपे ऐकण्याची आयती संधीच होय.

काळाविषयी एवढेच सांगणे पुरे की, ग्रंथालय उघडण्यापूर्वीचा तास हाच सर्वांत सुरक्षित. संध्याकाळी ग्रंथालय बंद होते तेव्हा भेटीगाठी सुरू होतात, आणि त्यांचा शेवट कोणाच्याच हाती नसतो. रात्रभराच्या प्रवासानंतरचा पहिला दिवस विश्रांतीस द्यावा. तापात अथवा छातीत दुखत असताना नेमाचा आग्रह धरू नये. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांसाठी आठवड्यास दीडशे ते तीनशे मिनिटे मध्यम, अथवा पंचाहत्तर ते दीडशे मिनिटे जोरकस हालचाल, आणि किमान दोन दिवस स्नायूंच्या बळाचा व्यायाम, असे प्रमाण सांगितले आहे. तीन दिवस पंचवीस मिनिटे जोरकस व्यायाम, त्यांपैकी दोन दिवस जोर-बैठकांसह, आणि रोज ग्रंथालयापर्यंत पायी जाणे-येणे, एवढ्याने ते प्रमाण परगावीही गाठता येते.

‘तालीम’ या शब्दाचा मराठीत आणखी एक अर्थ आहे, तो म्हणजे नाटकाची तालीम. जुन्या नाटक मंडळ्या गावोगाव बिऱ्हाड हलवीत, आणि मुक्काम जेथे पडे तेथे त्यांची तालीम होई. रंगमंदिर बदलले म्हणून ती थांबत नसे. एकाच शब्दाच्या या दोन अर्थांपैकी एकाला आपण चार भिंतींत बसवले आणि दुसरा मोकळा राहिला. संशोधनासाठी बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्याने व्यायामाच्या बाबतीत हा दुसरा अर्थ मनाशी धरावा. त्याच्या कामाला वर्षानुवर्षांची बैठक लागते, आणि ती बैठक सोसण्याचे सामर्थ्य शरीरालाच पुरवावे लागते.